पादचारी कोण?

आपल्या भाषेत वाटेला शब्द पुष्कळ आहेत. राजरस्ता, गाडीवाट, पाणंद, आडवाट, पायवाट. कोर्टकचेरीच्या कागदांतून घराघरांत शिरलेला ‘वहिवाट’ हा शब्दही त्यांतलाच. माणसे एखाद्या वाटेने वर्षानुवर्षे जात-येत राहिली की त्या वाटेवर त्यांचा हक्क तयार होतो, असा या शब्दामागचा विचार आहे. पण या देशात एक मोठा समाज असा होता की त्याच्या चालण्याची वहिवाट कधी झालीच नाही. महार वतनदाराची कामे आठवून पाहा. सरकारी खजिन्याबरोबर तालुक्याला जाणे, टपाल पोचविणे, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, कुणी मेला की दहा गावे हिंडून सांगावा देणे. चालणे हेच त्याचे वतनी काम होते. चालण्याचा हक्क तेवढा नव्हता. वेशीतून जाताना पायताण हातात घ्यायचे, समोरून पाटील आला की बाजूला व्हायचे, हे त्या कामाबरोबर आलेले नियम होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ लिहिले तेव्हा त्यांनी पेशवाईतल्या पुण्याची आठवण करून दिली: समोरून सवर्ण हिंदू येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्यावर मज्जाव, कमरेला झाडू, गळ्यात मडके. हा दाखला आपण सगळेच सभांतून देतो. परंतु तो देताना आपण मडक्यावर थांबतो आणि रस्ता विसरतो. हा नियम मंदिराचा नव्हता किंवा पाणवठ्याचाही नव्हता, तो रस्त्याचा नियम होता. अस्पृश्यता ज्या जागी रोज, दिवसाउजेडी, सर्वांदेखत पाळून घेतली जाई, ती पहिली जागा रस्ता होती.

म्हणूनच आज शहरांच्या फुटपाथांची सुधारणा, पादचाऱ्यांचे हक्क, चालण्याजोगी नगररचना अशी जी चर्चा इंग्रजी वृत्तपत्रांतून आणि महापालिकांच्या आराखड्यांतून चालते, ती आपली नव्हे असे समजून आपण पान उलटतो याचे आश्चर्य वाटते. हा विषय वास्तुशास्त्रज्ञांचा आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींचा, अशी आपली समजूत झाली आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

या इतिहासातला सर्वांत मोठा लढा त्रावणकोर संस्थानात, वायकोम येथे झाला. तिथल्या महादेवाच्या देवळाभोवतीचे रस्ते सरकारी पैशाने राखलेले होते. त्या रस्त्यांवर पाट्या होत्या आणि पाटीपलीकडे अवर्णांना पाऊल टाकता येत नव्हते. ख्रिस्ती आणि मुसलमान त्याच रस्त्याने जात. ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या दिवशी तिघेजण पाटीच्या दिशेने चालत गेले. एक पुलया, एक एळवा, एक नायर. पोलिसांनी तिघांना जात विचारली. पुढे रोज तिघे जात राहिले. टी. के. माधवन, के. पी. केशव मेनन, के. केळप्पन यांसारखे पुढारी त्यात होते. मद्रास प्रांतातून पेरियार रामसामी आले आणि तुरुंगात गेले. त्या वर्षी केरळात मोठा पूर आला, तेव्हा सत्याग्रही पाण्यात उभे राहिले. मार्च १९२५ मध्ये गांधीजी आले आणि सनातन्यांशी बोलणी करून परतले. त्याआधी, फेब्रुवारी १९२५ मध्ये, रस्ते खुले करण्याचा ठराव त्रावणकोरच्या कायदेमंडळात आला होता आणि तो २२ विरुद्ध २१ अशा एका मताने पडला होता. माणसाने सरकारी रस्त्याने चालावे की नाही, यावर मतदान झाले आणि माणूस एका मताने हरला!

शेवटी नोव्हेंबर १९२५ मध्ये जी तडजोड झाली ती नीट पाहण्यासारखी आहे. देवळाच्या तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. पूर्वेची बाजू सवर्णांसाठी राखून ठेवली आणि अवर्णांना वळसा घालून जाता यावे म्हणून सरकारने दुसरी वाट काढून दिली. म्हणजे सरकारला खर्च करायला हरकत नव्हती. नवी वाट बांधून देण्याचीही तयारी होती. जुन्या वाटेवरचा विशेषाधिकार मोडण्याची तयारी नव्हती. तो मोडायला १९३६ चा मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा यावा लागला. हा वळसा लक्षात ठेवावा. पुढे मुंबईत तो वेगळ्या रूपात भेटतो.

महाडचे आपण सारे जाणतो. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे प्रतिनिधी गावातल्या हमरस्त्याने चार-चारांच्या रांगा करून तळ्याकडे गेले. पाणी पिणे ही घटना इतकी मोठी ठरली की त्याआधीचे ते चालणे इतिहासात मागे पडले. खरे म्हणजे शेकडो अस्पृश्य माणसे बाजारपेठेच्या रस्त्याच्या मध्यभागातून, ताठ मानेने, शिस्तीत चालत आहेत, हे दृश्य महाडच्या सवर्णांनी पहिल्यांदाच पाहिले असणार. हल्लाही परतणाऱ्या माणसांवर, मांडवात आणि रस्त्यांतच झाला. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या ओळीत ‘रस्ते’ हा शब्द आला आहे. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यातही ‘रस्ता किंवा वाट’ असे शब्द आहेत. त्या शब्दांमागे वायकोम आहे, महाड आहे आणि वेशीत पायताण हातात घेतलेली माणसे आहेत.

आता शहराकडे येऊ. गाव सोडून आलेल्या माणसाला मुंबईचा फुटपाथ हे एक आश्चर्यच होते. तिथे खांद्याला खांदा लागे आणि कुणी जात विचारत नसे. घाईत असलेल्या गर्दीला विटाळ पाळणे परवडत नाही. गिरणीचा भोंगा झाला की परळ-लालबागच्या रस्त्यांवरून मराठा, महार, भय्या, कोकणी मुसलमान एकाच लोंढ्यात चालत. गिरणीच्या फाटकाच्या आत मात्र विणकाम खात्याचे दार अस्पृश्याला बंद असे, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. चाळीत खोली मिळताना जात पुन्हा आडवी येई. फाटक आणि चाळ यांच्यामधला जो रस्ता, तेवढ्यापुरता माणूस फक्त माणूस होता. शहराने आपल्याला दिलेले हे स्वातंत्र्य अर्धेमुर्धे होते, पण ते खरे होते. शहराची निंदा करणाऱ्या ग्रामप्रेमी लेखकांना ते कळले नाही.

परंतु त्याच शहरात ‘सुधारणा’ या शब्दाचा दुसरा अर्थही घडत होता. १८९६ साली प्लेग आला. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते कापले गेले. रस्ते चांगले झाले, यात शंका नाही. पण त्यासाठी जितक्या लोकांची बिऱ्हाडे मोडली तितक्यांना ट्रस्टने घरे दिली नाहीत आणि मोडलेली बिऱ्हाडे शेजारच्या आणखी दाट चाळींत घुसली. सुधारणा म्हणजे रस्ता रुंद करणे आणि रस्ता रुंद करणे म्हणजे गरीब हटविणे, हे समीकरण तेव्हाच बसले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात रस्त्यावरचा अडथळा नोटीस न देता हटविण्याचा अधिकार आयुक्ताला देणारे कलम ३१४ होतेच. कलमात ‘अडथळा’ म्हणजे बांधकाम, टपरी, वस्तू. पुढे त्यात माणसे बसविण्यात आली.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून माणसे मुंबईला आणून टाकली. ज्यांना झोपडपट्टीतही जागा मिळाली नाही ती फुटपाथवर राहिली. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी घोषणा केली की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्यात येईल. भर पावसाळ्यात झोपड्या मोडल्या, माणसांना गाड्यांत भरले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ते ओळखले जाते. पण अर्जदारांमध्ये फुटपाथवर राहणारी माणसेही होती आणि त्यांतल्या एकाची हकीकत निकालपत्रात नोंदलेली आहे. तो नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. गावात चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवीत असे. राहते घर पडले. १९६९ मध्ये मुंबईला आला, महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार झाला आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवर तीनशे रुपये एका गुंडाला देऊन त्याने झोपडी मिळविली.

निकालपत्रात त्याची जात लिहिलेली नाही. आपल्याला ती लिहून दाखविण्याची गरज नाही. ज्याने उभ्या गावाच्या पायांत चपला घातल्या, त्याला ‘पायी चालणाऱ्यांना अडथळा होतो’ या कारणाने शहराच्या फुटपाथवरून हटविले जात होते.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे न्यायालयाने म्हटले. ते थोर होते आणि आजही वकील ते आदराने उद्धृत करतात. पण त्याच निकालात पुढे असेही म्हटले की फुटपाथ पादचाऱ्यांच्या सुरक्षित येण्या-जाण्यासाठी बांधलेले असतात, ही सोय आता पादचाऱ्यांचा हक्क बनली आहे, आणि खाजगी वापरासाठी कुणी फुटपाथ अडवू शकत नाही. कलम ३१४ वैध ठरले. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना पर्यायी जागा द्यावी आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कुणालाही हलवू नये, एवढी सवलत मिळाली. म्हणजे पावसाळा संपेपर्यंत.

या निकालातली एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. अर्जदारांचे म्हणणे असे होते की ते फुटपाथवर राहतात कारण काम जवळ आहे. लांबून येण्याचा वेळ आणि भाडे त्यांना परवडत नाही. म्हणजे हे लोक कामावर पायी जात होते. मुंबईतला सर्वांत पक्का, रोजचा, ऊन-पावसातला पादचारी तो हाच. न्यायालयापुढे पादचारी विरुद्ध फुटपाथवासी असा खटला उभा राहिला तेव्हा हे कुणाच्या लक्षात आले नाही की दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा आहे. ‘पादचारी’ या शब्दाने कुणाचा तरी चेहरा न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे आला असणार. तो चेहरा तुळशीवाडीच्या बदली कामगाराचा नव्हता.

बरे, पादचाऱ्याचा हा हक्क १९८५ मध्ये सिद्ध झाला असे धरून चालू. पुढची चाळीस वर्षे तो कुणाविरुद्ध वापरला गेला? झोपडीविरुद्ध, भाजीच्या पाटीविरुद्ध, चांभाराच्या पेटीविरुद्ध. मोटारीविरुद्ध तो क्वचितच वापरला गेला. फुटपाथ कापून रस्ता रुंद केला तेव्हा पादचाऱ्याचा हक्क कुणाला आठवला नाही. १९९५ नंतर मुंबईत पन्नासच्या वर उड्डाणपुलांची योजना आली. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, त्यावर पायी माणसाला मज्जाव आहे. सुरक्षिततेचे कारण असेल, ते मान्य आहे. सागरी सेतूची पाटी आणि वायकोमची पाटी एक नव्हे, हे मलाही कळते. तरीपण ज्या महानगरात जवळजवळ निम्म्या फेऱ्या पायी होतात, असे सरकारी अभ्यासच सांगतात, तिथे सार्वजनिक पैसा कुठे ओतला गेला हे पाहिले पाहिजे.

पायी चालणाऱ्यांसाठी जे केले गेले तो स्कायवॉक. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला उभा राहिला, मग महानगर प्रदेशात तीसहून अधिक झाले. खालचा रस्ता मोटारींना मोकळा राहावा म्हणून माणसाने दोन मजले जिने चढायचे, वळसा घ्यायचा आणि पुन्हा उतरायचे. डोक्यावर पाटी असलेल्या कोळणीने, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याने, पोटुशी बाईने ते कसे करायचे, याचा विचार झाला नाही. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक पुढे धोकादायक ठरून बंद करावा लागला. वायकोमला काढून दिलेली वळणाची वाट इथे आठवते. खर्च करायचा, नवी वाट द्यायची, पण मूळ रस्त्यावरचा विशेषाधिकार हलवायचा नाही.

आणि जिथे पूल खरोखर हवा होता तिथे तो झाला नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी परळ-प्रभादेवीत कचेऱ्यांचे मनोरे आले, रोज उतरणाऱ्यांची संख्या कितीतरी पटीने वाढली. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल मात्र गिरण्यांच्या काळातल्यासारखाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी त्याच्या जिन्यावर वीसहून अधिक माणसे चेंगरून मेली. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल कोसळला. मेलेल्यांमध्ये रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका होत्या. देशाचा हिशेब याहून भयानक आहे. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. या बत्तीस हजारांची जात-वर्गवार नोंद होत नाही. पहाटे चारला हजेरीचौकीवर जाणारा सफाई कामगार, नाक्यावर उभा राहायला निघालेला बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, कचरा वेचणारी मुले यांच्याकडे पाहून ती कशी असेल हे प्रत्येकाने ठरवावे.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा म्हटले की पादचाऱ्यांना योग्य फुटपाथ मिळणे हा एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. फुटपाथ अपंगांना वापरता येतील असे असावेत आणि त्यांवरची अतिक्रमणे हटवावीत, असेही सांगितले. या निकालाचे स्वागतच केले पाहिजे. पण चाळीस वर्षांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे ‘अतिक्रमण’ या शब्दापाशी आपण थबकतो. फुटपाथवर चढवून ठेवलेली मोटारसायकल हे अतिक्रमण आहे. सोसायटीने आपल्या फाटकासाठी फुटपाथ कापून केलेला उतार, दुकानदाराने पुढे ओढलेली पायरी, विजेच्या पेट्या, ठेकेदाराने महिनोन्‌महिने टाकून ठेवलेला खडीचा ढीग हीही अतिक्रमणेच. कारवाईची गाडी आली की त्यांतले काय उचलले जाते आणि काय जागेवर राहते, हे सांगायला नको.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. शहर फेरीवाला समितीत निदान चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना, त्यांत एकतृतीयांश स्त्रियांना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व, असे त्यात लिहिले आहे. या निवडणुका कधी होतात, मतदारयादीत कोण असते, याची चौकशी आपले किती कार्यकर्ते करतात? विद्यापीठाच्या सिनेटची यादी मात्र आपल्याला पाठ असते!

फुटपाथ आणि आपण यांचा एक संबंध तर अगदी डोळ्यांसमोरचा आहे. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हापासून दर वर्षी लाखो माणसे दादर स्टेशनातून चैत्यभूमीपर्यंत पायी जातात. त्या वाटेच्या दुतर्फा फुटपाथवर पुस्तके मांडलेली असतात. जी पुस्तके मोठ्या दुकानांच्या कपाटात कधी आली नाहीत ती या फुटपाथवर विकली गेली, वाचली गेली, गावोगाव पोचली. दलित साहित्याच्या प्रसाराचा इतिहास लिहिणाऱ्याला प्रकाशनसंस्थांच्या बरोबरीने या फुटपाथचे प्रकरण लिहावे लागेल. त्या दिवसांत गर्दीने रहदारी अडते, अस्वच्छता होते, अशी कुरकुर दर वर्षी ऐकू येते. रहदारी म्हणजे मोटार आणि माणूस म्हणजे अडथळा, हीच ती जुनी व्याख्या.

रस्त्यावरून आपण चालणे हे काहींना अजूनही सहन होत नाही, हे शहरानेही दाखविले आहे. ५ जानेवारी १९७४ च्या वरळीच्या सभेनंतर दंगल पेटली आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडाने मारले गेले. गावांत तर नवरदेवाची वरात गावातल्या रस्त्याने नेली म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या अजून येतात. ज्यांच्या चालण्याला इतका विरोध झाला त्यांनी चालण्याच्या जागेचा प्रश्न दुसऱ्यांच्या हाती सोपवावा, हे बरोबर नाही.

मागणी करायची तर मोजमापासह करावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथवर चालण्यासाठी निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची कडा १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. एक टेप घेऊन आपल्या वस्तीपासून शाळेपर्यंत, बसथांब्यापर्यंत, दवाखान्यापर्यंत, हजेरीचौकीपर्यंत चालत जावे आणि दर पन्नास पावलांवर मोजावे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद, देखणा फुटपाथ केला. तिथे मुले खेळतात, म्हातारी माणसे बसतात, चांगलेच झाले. आता त्याच धोरणाची प्रत घेऊन ताडीवाला रोडच्या, काशेवाडीच्या माणसांनी आपल्या प्रभागाच्या अंदाजपत्रकात फुटपाथसाठी किती रक्कम आहे ते विचारावे. तोच प्रश्न मुंबईत गोवंडीच्या माणसांनी विचारावा, नागपुरात इंदोऱ्याच्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. सफाई कामगारांच्या वसाहतीपासून त्यांच्या हजेरीचौकीपर्यंतच्या वाटा पहाटे चार वाजता चालून, कुठे दिवा नाही, कुठे फुटपाथ संपतो, कुठे रस्ता ओलांडायला पट्टे नाहीत, एवढे जरी त्यांनी नकाशावर मांडले, तरी तो नकाशा प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवता येईल.